रात्री १०:५० चा एकच शो: इच्छुकांसाठी सूचना

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला आमची रिक्षा नदी ओलांडत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. 'काही तांत्रिक कारणास्तव आपला शो रद्द करण्यात आला आहे. तिकिटाची रक्कम ५ ते ७ दिवसांत परत मिळेल.' रक्कम म्हणजे कन्व्हीनियन्स फी सोडून. सोय कोणाची झाली ते विचारू नका. एवढं आलोच आहोत तर, म्हणून मॉलमध्ये जाऊन चौकशी केली. काउंटरवरचा मुलगा बिचारा खरं बोलला. "सर, टेक्निकल काही नाही. टोटल तीनच तिकिटं गेलेली."

त्यातली दोन आमची. तिसरं कोणाचं, याचा विचार मी अजून करतो आहे.

तर या अनुभवातून आलेलं शहाणपण मी आता फुकट वाटणार आहे. थिएटरात जाऊन वेगळा सिनेमा बघण्याची खाज तुम्हालाही असेल, तर पुढचं नीट वाचा.

आधी आपल्याला काय बघायचं आहे ते समजून घ्या. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ असल्या, म्हणजे कमी खर्चाच्या आणि वेगळ्या वाटेच्या सिनेमांसाठी वेगळं छोटं दुकान काढतात. सोनीचं 'सोनी पिक्चर्स क्लासिक्स' १९९२ पासून आहे. युनिव्हर्सलचं 'फोकस फीचर्स'. फॉक्सचं 'फॉक्स सर्चलाइट' १९९४ चं. डिस्नीने फॉक्स विकत घेतल्यावर २०२० मध्ये त्याच्या नावातला कोल्हा गेला, दिवा तेवढा राहिला. घरातल्या हुशार पण फारसं न कमावणाऱ्या धाकट्या भावाला माळ्यावरची खोली द्यावी, तशी ही व्यवस्था. पाहुणे आले की त्याला खाली बोलवायचं, ऑस्करच्या बाहुल्या दाखवायला लावायच्या. पाहुणे गेले की 'दिवा मालव, बिल येतं' म्हणायचं.

आता शोची वेळ. सकाळी ९:१० किंवा रात्री १०:५०, यांपैकी आपल्या प्रकृतीला झेपेल ती निवडा. सकाळची निवडलीत तर सफाईवाल्या मावशी तुमच्याबरोबर पहिली दहा मिनिटं बघतात. बाकी दिवसभराच्या वेळेवर हक्क सांगू नका. २०१५ साली मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइमचा वाद पेटला होता, तेव्हा बऱ्याच चर्चेअंती प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. म्हणजे भर दुपारी बाराचा शो दिला तरी तो प्राइम टाइमच. घरच्या सिनेमाची ही कथा, तर परदेशातून आलेल्या पाहुण्याने काय मागायचं?

'पुढच्या रविवारी बघू' असं कधीही म्हणू नका. तोवर सिनेमा उतरलेला असतो.

पॉपकॉर्न घेऊ नका. पाच माणसांच्या थिएटरात चावण्याचा आवाज संवादांच्या वर जातो.

इंटरव्हलचं दुःख मानू नका. सिनेमाला मध्यंतर नसतं, पण कॅन्टीनला असतं. नायिका तोंड उघडते, 'मी तुला एक सांगणार' इथवर येते आणि दिवे लागतात. दहा मिनिटं समोशाची जाहिरात बघा, मग ती पुढचं सांगेल. सांगेपर्यंत आपण विसरलेलो असतो ती कोण.

पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात उगवणारी सूचना श्रद्धेने वाचा. अमेरिकी दिग्दर्शक वुडी अॅलनला ती मान्य नव्हती, म्हणून २०१३ मध्ये त्याचा 'ब्लू जॅस्मिन' आपल्याकडे थिएटरात लागलाच नाही. पुढच्या मार्चमध्ये केट ब्लँचेटला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. आपली फुप्फुसं मात्र वाचली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धीर धरा. असे सिनेमे हळूहळू पसरतात, असं जाणकार सांगतात. खरंच आहे ते. मार्च २०१४ मध्ये सर्चलाइटने 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' अमेरिकेत लावला तो फक्त चार थिएटरांत. त्या चारांनी पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत आठ लाख डॉलरच्या वर गल्ला केला. मग आठवड्या-आठवड्याने थिएटरं वाढवत ते हजाराच्या पुढे गेले. यामागचं गणित साधं आहे. सुरुवातीला मुद्दाम कमी जागा ठेवायच्या, रांग लागू द्यायची, रांगेतल्या माणसांनी सोमवारी ऑफिसात जाऊन बोलायचं, तेवढ्यात पुढच्या शहरात पडदा मिळवून ठेवायचा. जाहिरातीला पैसा कमी असतो, म्हणून जाहिरातीचं काम प्रेक्षकांच्या तोंडावर सोपवायचं आणि त्या तोंडांना बोलायला वेळ द्यायचा. लोणचं घालण्यासारखंच आहे हे. फोडी, मीठ, मसाला सगळं झालं तरी बरणी काही दिवस फडताळात ठेवावीच लागते.

आपल्याकडे या पद्धतीतला फक्त 'कमी जागा' एवढाच भाग विमानातून उतरतो. बरणी भरली. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, बोट बुडवलं, 'मुरलं नाही' म्हणाले आणि मोरीत ओतलं! शुक्रवारी पुण्यात सहा शो. सोमवारी दोन. बुधवारी एक, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, रात्री १०:५० ला. गुरुवारी तांत्रिक कारण. पोस्टर लावलं नव्हतं, ट्रेलर दाखवला नव्हता, अॅपवर सिनेमाचं नाव शोधायला तीनदा बोट खाली सरकवावं लागत होतं. आणि मग एसीत बसलेला कोणीतरी म्हणतो, 'या टाइपच्या फिल्मना आपल्याकडे ऑडियन्स नाही.' अहो, कसा असेल? दाराला कुलूप लावून 'पाहुणे येत नाहीत' म्हणून गळा काढायचा आणि रिकाम्या खुर्च्या पुरावा म्हणून दाखवायच्या. त्याच रात्री त्याच मॉलमध्ये एकच मोठा सिनेमा चार पडद्यांवर चालू होता. मी अॅपवर बघितलं, त्यातल्या एका शोला सात तिकिटं गेली होती. सात! त्यांना नाही आलं तांत्रिक कारण?

बरं, यश मिळालं तर माळ्यावरच्या भावाचा पगार वाढतो, असंही समजू नका. वॉर्नरच्या 'वॉर्नर इंडिपेंडंट'ने २००५ मध्ये पेंग्विनांवरचा माहितीपट लावून अमेरिकेत सात कोटी डॉलरच्या वर कमावले होते. पॅरामाउंटच्या 'व्हँटेज'ने मिरामॅक्सबरोबर २००७ मध्ये 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' आणि 'देअर विल बी ब्लड' आणले, दोघांना प्रत्येकी आठ ऑस्कर नामांकनं, पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान. आता पेढे वाटायला नकोत का? मे २००८ मध्ये वॉर्नरने आपलं छोटं दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये पॅरामाउंटने व्हँटेजची जाहिरात आणि वितरण मूळ कंपनीत ओतून टाकलं. वॉर्नरच्या त्या आवराआवरीत एक सिनेमा अनाथ झाला, थेट डीव्हीडीवर जायच्या बेतात होता. आपल्या मुंबईत चित्रित झालेला, 'स्लमडॉग मिल्यनेर'. सर्चलाइटने त्याला पदराखाली घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाली. म्हणजे कचऱ्यात निघालेलं सामान शेजाऱ्याने उचललं आणि त्यात देव्हारा निघाला. (तो सिनेमा मला आवडला नव्हता. तो मुद्दा वेगळा.)

'सबटायटल कोण वाचणार' हे वाक्यही पाठ करून ठेवा, लग्नाकार्यात उपयोगी पडतं. मुंबईच्या डबेवाल्यांकडून चुकलेल्या एका डब्याची गोष्ट, 'द लंचबॉक्स', सोनी क्लासिक्सने फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेत लावली आणि तिथल्या लोकांनी खाली वाचत वाचत चाळीस लाख डॉलर मोजले. त्यांना कारल्याची भाजी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. बसले वाचत. आपण तर तो सिनेमा ऑस्करला पाठवायलाही तयार झालो नव्हतो.

मित्रांना बरोबर यायला सांगू नका. 'ओटीटीवर येईलच की' हे उत्तर ऐकायचं असेल तर मात्र जरूर सांगा.

पुढची सूचना लिहायला घेतली होती, पण आता ते सोंग मला जमत नाहीये. सरळच बोलतो.

थिएटरवाल्यांनो, शो लावलात तर चालवा. तीन तिकिटं असोत की एक, पैसे घेतलेत ना आमचे? तीन माणसांसाठी वीज जाळणं परवडत नसेल तर तिकीट विकताना तसं लिहा की 'पुरेशी गर्दी झाली तरच दाखवू', मग आम्ही ठरवू यायचं की नाही. तांत्रिक कारण कसलं सांगता? आणि हे सिनेमे इकडे पाठवणाऱ्यांनो, तुम्ही तर नुसती पोच पावती घेण्यापुरते ते लावता. दोन आठवडे एकाच थिएटरात, रोज संध्याकाळी सातला, एक शो. एवढं करून बघा एकदा. सहा ठिकाणी सहा भलत्या वेळा नकोत.

आणि तुम्ही, हो, तुम्हीच, हे वाचून 'किती खरं' म्हणणारे. जानेवारीत पिफचा, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास गळ्यात अडकवून रांगेत नंबरावरून भांडता. खुर्ची मिळाली नाही तर इराणी सिनेमा पायऱ्यांवर बसून बघता, बाहेर येऊन चहाच्या टपरीवर अर्धा तास त्याची फोड करता. मग फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत कुठे गायब होता? या सिनेमाबद्दल मी आपल्या ग्रुपवर शुक्रवारीच लिहिलं होतं. अकरा अंगठे आले. एकाने 'मस्ट वॉच' लिहिलं, न बघता. दोघांनी 'लिंक आहे का?' विचारलं. लिंक! साठीला आलात, फ्लॅट दोन-दोन आहेत, आणि चोरीची लिंक मागताना जीभ अडखळत नाही? त्या अकरांतले चार जण जरी गुरुवारी आले असते तरी काउंटरवरच्या त्या पोराला सातचा आकडा दाखवता आला असता, आणि सात तिकिटांवर शेजारचा शो चालूच होता की.

आणि माझी कन्व्हीनियन्स फी परत करा. एकोणसाठ रुपये आहेत.