वय विचारण्याआधी आवड विचारावी

किशोरांना विज्ञानकादंबरी सुचवताना आधी वय पाहावे आणि मग पुरस्कारांच्या याद्या चाळाव्यात, हा अशा कादंबऱ्यांची यादी देणाऱ्या एका लेखातील सल्ला मला अपुरा वाटतो. नेब्युला या विज्ञान व अद्भुतकथांच्या पुरस्कारासोबत दिला जाणारा आंद्रे नॉर्टन पुरस्कार आणि तशाच ह्यूगो पुरस्कारासोबत २०१८पासून दिला जाणारा लोडस्टार पुरस्कार हे किशोरसाहित्याचे पुरस्कार विज्ञानकथांइतकेच अद्भुतकथांनाही मिळतात. त्यामुळे अंतराळयानाच्या शोधात असलेल्या मुलाच्या हाती जादूची गोष्ट सहज पडते.

वयाचेही तसेच. लोइस लौरी यांची 'द गिव्हर' (१९९३) आणि सुझॅन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबऱ्या अनेक याद्यांत शेजारी-शेजारी असतात, पण त्यांचे वाचक एकच असतील असे नाही. माझ्या भाचीने दुसरी कादंबरी खेळ सुरू होताच मिटून ठेवली, कारण मुलांनी मुलांना मारणे तिला वाचवेना. पहिलीत मात्र झेल खेळताना हवेतल्या सफरचंदात नायकाला क्षणभर काहीतरी बदललेले दिसते, तिथे ती अडकली आणि नेमके काय बदलले याचा अंदाज बांधत रात्री उशिरापर्यंत वाचत राहिली. म्हणून 'मागचे कोणते पुस्तक अर्धवट सोडलेस आणि कुठे?' हे मी सर्वांत आधी विचारते. पहिलाच भाग ऐन प्रसंगात तुटल्यामुळे मालिका सोडून देणारी मुले बरीच भेटतात. तेव्हा सुचवलेली कादंबरी स्वतंत्रपणे पूर्ण होते की नाही, हे लेखातील यादीत प्रत्येक नावापुढे नोंदवायला हवे होते.