‘तुम्ही काय ऐकता, ते आम्हाला कशाला?’ : ‘कानसेन’ यांना उत्तर

कानसेन,

तुमच्या प्रतिक्रियेखाली चार ओळी लिहायला बसले होते. त्या लांबत गेल्या, म्हणून वेगळंच उत्तर टाकते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर रविवारी मी ‘सध्या काय ऐकतेय’ म्हणून चार-पाच नावं टाकते, ती कानसेन यांना खटकतात. एक तर हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे, जेवणाच्या ताटाचे फोटो टाकतात तसा. शिवाय शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या खाली कोकणी गाणी गाणारी लोर्ना आणि लोर्नाच्या खाली प्रल्हाद शिंदे म्हणजे अभिरुचीची खिचडी. त्यापेक्षा एखाद्या जाणकाराने निवडलेल्या शंभर उत्तम ध्वनिमुद्रणांची यादी द्यावी. आणि शेवटी, ‘कुकरच्या शिट्ट्यांमध्ये केसरबाई ऐकणं हा त्यांचा अपमान, आणि ते जाहीर करणं हा दुसरा.’ हे वाक्य तुमचंच, आणि फक्कड आहे.

मिरवण्याचं आधी उरकून टाकू. आहे ना, मिरवणं आहेच त्यात. ‘आपली आवड’ला किंवा विविध भारतीला पोस्टकार्ड टाकणारा प्रत्येक जण गाण्यासाठीच टाकत होता, असं वाटतं का तुम्हाला? गाणं तर तसंही लागणारच होतं. कार्ड जायचं ते निवेदकाने आपलं, बायकोचं, पोरांचं आणि गावाचं नाव वाचावं म्हणून. झुमरी तिलैया हे झारखंडमधलं अभ्रकाच्या खाणींचं गाव. ते भारतभर माहीत झालं ते तिथल्या लोकांच्या या एका हौसेपायी. त्यांच्या हौसेतून बाकीच्यांच्या कानावर गाणी पडली, यात कुणाचं काय बिघडलं?

आता जाणकारांची यादी. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण हा प्रयोग आपल्याकडे एकदा सरकारी पातळीवर होऊन गेलेला आहे आणि करणारा माणूस मराठीच होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, ते १९६२ पर्यंत. संगीताचा माणूस, तळमळीचा माणूस. लोकांनी चांगलं ऐकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि चांगलं म्हणजे काय, याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. आकाशवाणीवरची हिंदी चित्रपटगीतं त्यांनी आधी कमी केली, मग निर्मात्यांशी वाद होऊन ती जवळजवळ बंदच झाली. लोक मारव्यासारखे राग ऐकायला बसतील अशी कल्पना असावी. लोकांनी काटा फिरवला आणि श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. १९५२च्याच डिसेंबरमध्ये तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम, सुरू झाली. पुढची पाच वर्षं देशातल्या श्रोत्यांनी शेजारच्या देशातून आपलीच गाणी ऐकली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढावी लागली.

केसकरांची टिंगल करण्यात मला रस नाही. रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२चाच, त्यांच्या कारकिर्दीतला. त्यातल्या ध्वनिमुद्रणांवर माझ्यासारख्यांचे कान पोसले गेले आहेत. पण त्यांनी जे दिलं ते लोकांनी घेतलं आणि जे अडवलं ते लोकांनी दुसरीकडून मिळवलं. ‘हे ऐकलं पाहिजे’ असं म्हटलं की ऐकणारा आधी पाठ ताठ करून बसतो आणि पाचव्या मिनिटाला घड्याळाकडे बघतो. ‘मी हे ऐकतेय’ म्हटलं की त्याच्यावर कसलंच बंधन नसतं. वाटलं तर ऐकेल, नाहीतर पुढे जाईल.

शंभर उत्तमांची यादी मी करू शकणार नाही असं नाही. अशा बऱ्याच याद्या फिरतात आणि त्या सगळ्या एकमेकींसारख्या दिसतात, कारण यादी करणारा शहाणा दिसण्याच्या काळजीत असतो. शिवाय त्या यादीतलं तो स्वतः शेवटचं कधी ऐकून बसला होता, ते त्यात लिहिलेलं नसतं. माझ्या रविवारच्या चार ओळींत एवढी एकच हमी आहे की त्या आठवड्यात ते खरंच वाजलं, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वेळा. मागच्या महिन्यात सलग तीन रविवार गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा ‘एक निषाद बिहागडा’ हा एकच राग होता, तेव्हा तुम्हीच विचारलं होतंत, ‘दुसरं काही मिळत नाही का?’ मिळतं हो. सुटत नव्हतं!

खिचडीचं म्हणाल तर ती तशीच शिजते. गोव्याचा संगीतकार ख्रिस पेरी, त्याच्या चालींमधले ट्रम्पेट-सॅक्सोफोन ऐकताना लोर्नाच्या आवाजात अडकले. तिथून मुंबईच्या चित्रपटसंगीतात अरेंजर म्हणून राबलेल्या गोवेकर वादकांकडे गेले, सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस वगैरे. मग जुन्या गाण्यांमधलं मागचं व्हायोलिन पुढे येऊन बसायला लागलं. प्रल्हाद शिंदे मात्र यात कुठल्याही धाग्याने बसत नाहीत. आमच्या चौकात मांडवात लागले होते आणि तो आवाज दोन दिवस डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहिले. ते गाळून यादी ‘शुद्ध’ केली असती तर मग मात्र तुमचा मिरवण्याचा आरोप मी मुकाट्याने घेतला असता.

आता कुकर.

या मुद्द्यावर खुद्द केसरबाई तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या, हे मान्य. रेडिओ आणि रेकॉर्डिंग यांचं त्यांना फारसं प्रेम नव्हतं. ऐकायचं तर समोर येऊन, नीट बसून ऐका, हा त्यांचा खाक्या. आणि गंमत बघा, अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी १९७७ साली पाठवली, तिच्यातल्या २७ सांगीतिक तुकड्यांत भारतातला एकच आहे आणि तो केसरबाईंचा, भैरवीतला, साडेतीन मिनिटांचा. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्या बाईंना आपलं गाणं कुठे, कोण, कसं ऐकतंय याची एवढी चाड, त्यांचं गाणं कुणाच्या हाती पडेल याचा आता काही नेमच राहिला नाही. त्या मानाने माझं स्वयंपाकघर बरं. मला निदान ती भैरवी आहे हे कळतं.

साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे तुकडा, त्याने काय कळणार, असंही तुम्ही लिहिलं आहे. पण ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांपासून हिराबाईंपर्यंत सगळ्यांनी त्यात राग बसवून दाखवला. आलापाला जागा नाही, चुकायला तर नाहीच. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या. लहानग्या भीमसेन जोशींनी ती गदगमध्ये एका दुकानात वाजताना ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. ही हकिगत तुम्हाला मी काय सांगणार. मला तिच्यात दुकान महत्त्वाचं वाटतं. तिथे गिऱ्हाइकांची ये-जा असेल, रस्त्यावरचा गलका असेल, कुणीतरी भाव करत असेल. लावणाऱ्याने ती रेकॉर्ड त्या पोरासाठी लावलेली नव्हती. त्याला त्या वेळी तीच ऐकायची होती, किंवा ती विकायची होती.

आणखी एक. मी नुसतं ‘मन्सूर ऐकतेय’ असं लिहीत नाही, राग, तबला, शक्य तर साल, कुठली मैफल, असं सगळं देते. त्याला तुम्ही ‘पांडित्य’ म्हणालात. अहो, ते शोधणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं रेकॉर्ड दिल्या तेव्हा गाणं संपता संपता ती स्वतःच ओरडून सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान’. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिराला लेबल कुणाचं चिकटवायचं हे कळायला हवं होतं. आज यूट्यूबवर हमीर रागाला केदार म्हणून चढवलेलं मी पाहिलंय, आणि खाली साठ जणांनी ‘वाह, काय केदार’ लिहिलेलंही. अशा ठिकाणी एक ओळ नीट लिहिली तर पुढच्याचा अर्धा तास वाचतो.

त्या एका ओळीला परत काय मिळतं तेही सांगते. मन्सूरांवरच्या त्या तीन रविवारांनंतर सांगलीच्या एका वाचकांनी मला फाइल पाठवली. मन्सूरबुवांच्या घरगुती बैठकीची, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर घेतलेली, बहुधा कॉपीची कॉपी. सुरुवातीला पंख्याची घरघर. कुणीतरी खोकतं. मध्येच कप-बशीचा आवाज. बुवा षड्ज लावतात आणि ती घरघर पुढे अर्धा तास ऐकूच येत नाही. द्रुत, म्हणजे जलद लयीतली चीज, ऐन रंगात आलेली असताना खाट् आवाज होतो आणि पुढच्या क्षणी बुवा भलत्याच तानेच्या मधोमध असतात. पंचेचाळीस मिनिटं संपली, कुणीतरी धांदलीत कॅसेट उलटली, तेवढ्यात जे गेलं ते गेलं. त्या जागेवर मी दर वेळी हळहळते आणि दर वेळी तिथपर्यंत ऐकतेच. हे कुठल्याही जाणकाराच्या शंभरात येणार नाही. सांगलीत एका कपाटात होतं आणि माझ्यापर्यंत आलं, कारण मी काय ऐकतेय ते त्यांना कळलं होतं.

तेव्हा रविवारच्या ओळी चालू राहतील. तुम्हाला त्या ओलांडून जाता येतं, बाकीचं लिखाण तुम्ही वाचता हे मला माहीत आहे.

आणि हो, तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, मला झोडपता झोडपता, तुम्ही सहज लिहून गेलात की ‘मी स्वतः गेले काही दिवस रात्री हेडफोन लावून रामकृष्णबुवा वझ्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकतो आहे, पण ते सांगत फिरत नाही.’ सांगितलंत की! फक्त अर्धवट सांगितलंत. बुवांकडे अनवट रागांचा एवढा साठा, त्यातलं कुठलं लागलंय सध्या? दोन्ही बाजू आहेत का? तबकडी आहे तुमच्याकडे, की कुणी चढवलेली फाइल? फाइल असेल तर तिचा वेगही एकदा तपासा, या जुन्या रेकॉर्ड बऱ्याचदा जास्त वेगात उतरवलेल्या असतात आणि बुवांची पट्टी उगाचच वर जाते. खाली लिहा, निवांत. इथे वझेबुवांसाठी ताटकळलेली मी एकटीच नसेन.