लॅबमधला तुकडा पास झाला म्हणून गर्डर पास होत नाही

गोव्यातल्या वेर्णा-वास्कोकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांत फटीगबद्दल, म्हणजे भार पुन्हापुन्हा चढून-उतरून तडा जाण्याबद्दल (एक चढ-उतार म्हणजे एक सायकल), एक दावा सर्रास फिरतो: ‘१० मिमीचा वेल्डेड नमुना २० लाख सायकल टिकला ना, मग ५० मिमी प्लेट त्याच स्ट्रेसला हमखास टिकणार. शंका असेल तर वरच्या ग्रेडचं पोलाद घ्या.’

‘जाड म्हणजे दणकट’ हे भार पेलण्यापुरतं खरं. इथे तुलना समान स्ट्रेसची आहे आणि त्यात जाड प्लेट मागे पडते. प्लेट पाचपट जाड झाली म्हणून वेल्डच्या टोची (वेल्ड आणि प्लेट मिळतात त्या कडेची) त्रिज्या काही पाचपट होत नाही. त्यामुळे टोजवळ स्ट्रेस जास्त एकवटतो आणि आत जाताना सावकाश उतरतो. टोवर मिमीच्या एक-दोन दशांशाचा अंडरकट (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच) किंवा स्लॅगचा (वेल्डिंगच्या मळाचा) कण असतोच. जाड प्लेटमध्ये तो आणि त्यातून निघालेला तडा बराच काळ चढ्या स्ट्रेसमध्येच राहतो. म्हणून पोलादी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८००:२००७ वेल्डेड जोडांना २५ मिमीपुढे कपात लावतं: (२५ ÷ जाडी) याचा ०.२५ घात. ५० मिमीला ०.८४. सोळा टक्के किरकोळ वाटतात, पण आयुष्य स्ट्रेसच्या घनाच्या उलट प्रमाणात चालतं; सायकल उरतात जेमतेम ६० टक्के.

शिवाय लांब वेल्डमध्ये एखादा वाईट दोष सापडण्याची शक्यता जास्त, आणि तुटायला एकच पुरतो.

वरचा ग्रेड? वेल्डेड जोडात उपयोग जवळपास शून्य. तिथे फटीगचा वर्ग जोडाच्या घडणीवरून ठरतो, ग्रेडवरून नाही.

नमुना नेहमीच फसवा चांगला निघतो, असंही नाही. १० मिमीच्या बट जोडात (कडेला कड लावून केलेल्या) प्लेटा १ मिमी वरखाली बसल्या, तर वाकण्यामुळे स्ट्रेस सुमारे ३० टक्के चढतो. ५० मिमीला फक्त ६. म्हणून दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज (प्लेट किती ताणली ते मोजणारी पट्टी) लावल्याशिवाय आकडा मानू नये.

चाचणी घ्यायचीच तर पूर्ण जाडीची प्लेट, साइटवरचीच वेल्डिंग पद्धत. अरुंद पट्टी कापली की वेल्ड गार होताना अडकलेला ताण बराचसा सुटतो आणि निकाल उगाच गोड येतो. पट्टीच वापरायची तर ही उणीव भरून काढायला किमान-कमाल स्ट्रेसचं गुणोत्तर ०.१ ऐवजी ०.५ ठेवा. ‘फेल’ म्हणजे दिसणारा तडा, आरपार तडा की दोन तुकडे, हे आधीच लिहून ठेवा. आणि कोरड्या हवेतला आकडा मुरगावच्या धक्क्यावरच्या उघड्या, रंग उडालेल्या जोडाला लावू नका: खाऱ्या पाण्यात गंजणाऱ्या पोलादाला फटीग लिमिट (ज्या स्ट्रेसखाली कितीही सायकल झाल्या तरी तडा जात नाही ती मर्यादा) उरतच नाही.