दावण्या चार्जिंगची वाट बघत न्हाई

"आवाज न्हाई, धूर न्हाई. त्यो ट्रॅक्टर हाय का शिलाई मशीन?" माणिकरावांनी बैठकीचं उद्घाटन केलं.

पलूसहून किर्लोस्करवाडीकडं जाताना स्पेअर पार्टच्या दुकानापुढं जो कट्टा लागतो, तिथं बॅटरीवर चालणाऱ्या ई-ट्रॅक्टरच्या सवलतीची बातमी शनिवारपर्यंत राखून ठेवली होती. सचिन चाकणहून शनिवारीच येतो, आणि त्याच्याशिवाय भांडायला समोर माणूस नसतो. गफूरभाई पंप-नोझलचे मिस्त्री, बाजीराव वायरमन. माणिकराव द्राक्षबागायतदार. काळा धूर जितका जास्त तितकी इंजिनात ताकद जास्त, हा त्यांचा सिद्धांत. तसला धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे गफूरभाईंनी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. दरवेळी उत्तर एकच: "तुला पंपातलं कळतं, ट्रॅक्टरातलं न्हाई."

सचिननं फोन काढलाच होता. "माणिककाका, इलेक्ट्रिक मोटारीला शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो. इंजिनाला आधी वर चढावं लागतं."

"टॉर्क आमाला सांगू नगंस. चिखलात रुतल्यावर बॅटरी ढकलणार का?"

गफूरभाई तोवर बिडी शिलगावण्यात गुंतले होते. "माणिकराव, कोळशाच्या खुल्या खाणीतलं मोठं रोप शोव्हेल, त्ये खोदायचं यंत्र, कशावर चालतंय? विजेवर. मागं जाड केबल सोडलेली आसती. ड्रॅगलाइन पन तशीच. दोनशे टनी डंपर बघा, त्यातल्या कित्येकांत इंजिन नुसतं जनरेटर फिरवतंय, चाकं मोटारीवर. ताकदीचा परश्न कवाच सुटलाय. आन् तुमच्या हिरीवर काय हाय?"

"साडेसात एचपीची मोटार."

"आधी काय हुतं?"

माणिकराव गप्प. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, हाकेच्या अंतरावर आहे, आणि या पट्ट्यात विहिरीवर डिझेल इंजिन धडधडत नव्हतं असा मळा शोधून सापडला नसता. "त्ये इंजिन ताकदीत हरलं न्हाई," गफूरभाई म्हणाले. "रानात लाइन आली म्हणून गेलं. वायर जिथं पोचती तिथनं इंजिन उठतंय. वायर न्हाई तिथं बसतंय. येवढीच गोष्ट."

सचिनला वाटलं, मिस्त्री आपल्या बाजूचे. त्यानं लगेच स्वित्झर्लंड काढलं. तिथल्या चुनखडीच्या खाणीत बॅटरीवरचा डंपर आहे, ६५ टन माल, ६०० युनिटची बॅटरी, आणि बाहेरून चार्जिंग जवळजवळ लागतच नाही. उतारावर ब्रेक मारताना मोटार उलटी जनरेटर होते आणि बॅटरी भरत जाते.

"भरतोय कुठं आन् वततोय कुठं?"

"वर डोंगरात भरतो, खाली ओततो."

"म्हंजे उतरताना भरलेला, चढताना मोकळा. आपल्या क्रशरची खाण खड्डा हाय लेका. भरून वर यायचं, मोकळं खाली जायचं. तुझा डंपर हितं आणला तर दुपारी खड्ड्याच्या तळाला बसून ऱ्हाईल." बाजीरावाचा चहा नाकातून आला. सचिनचा फोन खिशात गेला.

मग गफूरभाईंनी दुकानातनं एका बिलाचा कागद मागून घेतला आणि पाठीमागं हिशोब मांडला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिटची उष्णता. त्यातली इंजिन शाफ्टवर देतं तीन, फार तर साडेतीन. बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेनं हवेत. ४५ एचपीचा ट्रॅक्टर रोटर मारताना तासाला साडेपाच लिटर पितो, म्हणजे कामाला लागतात १८ युनिट. मोटार आणि कंट्रोलरमधला तोटा धरून बॅटरीतून वीस. बॅटरी ३५ युनिटची, पण ती तळाला नेऊन चालत नाही, हाताशी तीसच. "दीड तास. दीड तासात किती रान हुतंय सांग."

"पण खर्च?" सचिन.

"खर्च निम्मा, त्ये मान्य. साडेपाच लिटर म्हंजे पाचशे रुपय. वीस युनिट बॅटरीत घालायला चोवीस वढणार, धा रुपय युनिट धरलं तर दोनशे चाळीस. दीड तास स्वस्तात काम करशील. म्होरं?"

"फास्ट चार्जिंग."

इथं बाजीराव जागा झाला. एरवी तो या कट्ट्यावर बोलत नाही, नुसता ऐकून घेतो, कारण कुठलाही विषय तिसऱ्या वाक्याला लाइटवर येतो. "बावीस किलोवॉटचा चार्जर म्हंजे साडेसातच्या तीन मोटारी. ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, अशा सात-आठ मोटारी झाल्या की डीपी भरली. आदीच त्यावर बारा हायत. त्यातल्या चार कुणाच्या, त्ये मी बोलत न्हाई." माणिकराव आभाळाकडं बघू लागले. "संध्याकाळी व्होल्टेज ४१५ चं साडेतीनशेवर येतंय. मोटारी हूं हूं करत चालत्यात, जळत्यात, पन चालत्यात. चार्जर चालत न्हाई. त्यो व्होल्टेज बघतो आन् बंद पडतो."

"घरातल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर?"

"सव्वातीन किलोवॉट. ३५ युनिटला अकरा-बारा तास. तेवढा वेळ सिंगल फेज सलग टिकली तर मला कळवा, मी पेढे वाटीन."

आणखी एक मुद्दा त्यानं टाकला, जो बातम्यांमध्ये कुणी लिहीत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, म्हणून चार्जर पंपाच्याच पेटीतून काढू, असा प्रत्येकाच्या मनात विचार येणार. ते कनेक्शन पंपाचं आहे. त्यावर दुसरं काही चालवलं तर वीज कायद्याचं कलम १२६: अनधिकृत वापर, आणि दुप्पट दरानं आकारणी. चार्जरला वेगळं मीटर घ्यावं लागतं, आणि डीपीपासून केबल लांब असेल तर तो खर्च ट्रॅक्टरच्या किमतीत धरावा लागतो. विक्रेता तो धरत नाही.

"म्हंजे बोगस," माणिकरावांनी निकाल दिला. "मी सकाळपास्नं त्येच सांगतूय."

"तुमाला बोगस न्हाई," गफूरभाई म्हणाले. "तुमालाच उपेगाचा हाय."

सगळे वळले. खरी चर्चा इथून सुरू झाली.

माणिकरावांची बाग पाच एकर. ट्रॅक्टर छोटा, २४ एचपीचा, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्याचं मुख्य काम औषध फवारायचा ब्लोअर. ब्लोअर साधारण १५ एचपी ओढतो, म्हणजे ११ किलोवॉट. चालायला तीन धरा. तासाला १४-१५ युनिट. पण ६०० लिटरची टाकी वीस-पंचवीस मिनिटांत रिकामी होते, दोन-अडीच एकर होतात, मग ट्रॅक्टर हौदापाशी उभा. टाकी भरेपर्यंत, औषध कालवेपर्यंत बॅटरीतून काही जात नाही. डिझेलचा ट्रॅक्टर तेवढा वेळ फुकट धडधडतो, कारण बंद केला तर सेल्फ मारायचा कंटाळा. पाच एकराला दोन टाक्या, प्रत्यक्ष पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट, चालू पाऊण ते एक तास. २५ युनिटच्या बॅटरीत बसतं. शिवाय सौर फीडरवर लाइट दिवसा, आणि फवारणी पहाटे नाहीतर संध्याकाळी. चार्जिंगला अख्खी दुपार मोकळी.

"आन् रात्री पाऊस झाला तर?" माणिकराव उठून उभेच राहिले. द्राक्षाचा विषय निघाला की हा माणूस एकदम शहाणा होतो. "फुलोऱ्यात पाऊस पडला की दावण्या रोग येतोय, पहाटं तीनला औषध मारावं लागतंय. पावसात लाइट गेलेली. दावण्या चार्जिंगची वाट बघत न्हाई."

कट्ट्यानं दाद दिली. गफूरभाईंनीही दिली. "खरं हाय. पन डिझेलचा कॅन रिकामा ठिवून झोपता काय? बॅटरी बी भरून ठिवायची. एक फवारणी आतच बसली पायजे, येवढं मोजून घ्यायचं. घोटाळा दुसऱ्या फवारणीला. सलग दोन दिस लाइट न्हाई, तवा शेजाऱ्याचं डिझेल. आन् जो भाड्यानं वीस एकर ब्लोअर मारतोय, त्येनं ह्याच्या नादाला लागू ने."

मग घ्यायचाच झाला तर काय बघायचं, यावर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळणार नाही. पहिलं, मोटारीची प्लेट वाचायची. जाहिरातीतला आकडा कमाल ताकदीचा असतो, काही मिनिटांपुरता. प्लेटवर 'एस१' असेल तर ती ताकद दिवसभर, 'एस२ ६० मिनिट' असेल तर तासाभरापुरतीच, पुढं मोटार गार होऊ द्यायची. नांगराला, ब्लोअरला सलगचा आकडा लागतो. हळू चालून जोर लावला की करंट वाढतो, आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट. मग कंट्रोलर स्वतःला वाचवायला ताकद कापतो आणि ट्रॅक्टर सरीच्या मध्यावर सुस्तावतो. बिघाड नसतो तो, पण ड्रायव्हर शिव्या घालतो. दुसरं, पीटीओला वेगळी मोटार आहे का. एकच असेल तर ओळीच्या टोकाला वळताना वेग कमी केला की पीटीओ ५४० आरपीएमवरून खाली येणार, आणि तिथल्या झाडांवर औषध नीट बसणार नाही.

तिसरं मोरचूद, बागेवर मारायचं तांब्याचं औषध. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, हे सगळ्यांना पाठ. चुना कमी पडला का, ते बघायला लोखंडी चाकू बुडवतात. पात्याला तांबूस थर चढला की आम्लता राहिली. "त्येच पानी ब्लोअरच्या वाऱ्यानं मागं उडून कंट्रोलरच्या पेटीवर बसतंय. पेटी अॅल्युमिनियमची. मोरचूद अॅल्युमिनियम खातंय. कनेक्टरचं रबर जरा उललं की आत हिरवं पीठ. आन् तुमी लोक ट्रॅक्टर धुता कशानं? सर्व्हिसिंग पंपानं, प्रेशर धरून."

"नांगरट आणि उसाचं काय?" सचिन आता विचारायच्या सुरात आला होता.

"दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस, वीस किलोमीटर, सपाट डांबरीला पंचवीस-तीस युनिट. चढ येगळा, परतीचं येगळं. एका खेपंत बॅटरी झोपली. कारखान्याच्या यार्डात मातर बॅटरीच पायजे. रांगंत रात्रभर वीस-वीस फूट सरकायचं, त्यात डिझेल जाळनं म्हंजे पाप. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात माल रचायचा बॅटरीचा स्टॅकर चालतोय का न्हाई? जमीन सपाट, भिंतीला प्लग, आत धूर चालत न्हाई. तिथं कुनी चर्चा केली न्हाई, आपसूक झालं."

"गफूरभाई, तुमचा धंदा बसेल की मग," बाजीराव म्हणाला.

"माझा २०२३ लाच बसला. पन्नास एचपीच्या वरच्यांना धुराचा नवा नियम लागला, जुन्या पंपाच्या जागी सेन्सरवरची कॉमन रेल आली. आता सेन्सर गेला की लॅपटॉपवाला येतोय. इंजिन काढायच्या आदी इंजिनातला मिस्त्री काढला. पन्नासच्या खालचे जुन्या पंपाचे ट्रॅक्टर हायत तवर माझं नोझल टेस्टर चालतंय. माणिकरावांचा धूर हाय तवर मला मरान न्हाई."

"माझा जॅक आदी परत कर, मग धुरावर बोल." हा जॅक गफूरभाईंकडं आहे असं माणिकरावांचं म्हणणं, आणि तो माणिकरावांच्या मेव्हण्यानं नेला असं गफूरभाईंचं. पाच-सात मिनिटं त्यात गेली. मेव्हण्याच्या सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत गाडी पोचली. दुकानवाल्यानं शटर अर्धं ओढलं.

उठता उठता माणिकरावांनी सचिनला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाज दुकानाच्या आतल्या फळीपर्यंत जातो.

"सचिन, एक सांग. त्यो आकड्यावर चार्ज हुतो का रं?"

बाजीरावानं हातातला चहा खाली ठेवला. "माणिकराव, म्या हितंच हाय."

"म्हणून तर तुला न्हाई इचारलं!"

गफूरभाईंना ठसका लागला. चहाचे पैसे त्या दिवशी माणिकरावांनी दिले, बाजीरावाचेसुद्धा.