नवऱ्याच्या खुनात बायकोची साक्ष ‘धरत नाहीत’? तो मेसेज पुढे पाठवू नका

नवऱ्याच्या खुनाच्या खटल्यात पुढच्या आठवड्यात जिची साक्ष आहे, तिलाच तिच्या नणंदेने हा मेसेज पाठवला. हेतू काळजीचा असेल. पण सकाळी तिचा पहिला प्रश्न होता, “मग मी जाऊ तरी कशाला?” म्हणून हे उत्तर सगळ्यांसमोर देतो आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बायको हितसंबंधी, म्हणून तिची साक्ष कोर्ट धरत नाही. नवरा तिला जे बोलला ते कोर्टात सांगता येत नाही. पोलिसांतला जबाब शब्दन्‌शब्द पाठ करा, एक शब्द चुकला तरी सात वर्षं आत. कोर्टात रडलात तर केस पडते. आरोपीचा वकील काहीही विचारू शकतो, कोणी अडवत नाही. आणि शेवटी, समोरच्यांशी मिटवून घ्या, गेलाच नाहीत तरी चालतं.

हितसंबंधाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्येच दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात संपवला. तिथे मृताच्या घरच्या दोन बायका प्रत्यक्षदर्शी होत्या आणि उच्च न्यायालयाने त्यांच्या साक्षीला दुजोरा मागितला होता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलं की, साक्षीदार बायका आहेत आणि सात पुरुषांचं भवितव्य त्यांच्या शब्दावर आहे, एवढ्यासाठी दुजोरा मागितला असेल तर असा नियम आम्हाला ठाऊक नाही. जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला पाठीशी घालून निरपराधाला अडकवेल, ही शक्यता सगळ्यात कमी, हेही त्याच निकालात आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वैर जुनं असेल तर खऱ्या आरोपीबरोबर आणखी एखाद्याचं नाव गोवण्याकडे कल असतो, असं तोच निकाल सांगतो. म्हणून नातेवाइकाची साक्ष बारकाईने तपासली जाते. तपासली जाते म्हणजे नाकारली जाते असं नाही. पण दोघांना पाहिलं असेल तर दोघंच सांगायचे. “त्याचा भाऊही असणारच” हे वाक्य पिंजऱ्यात उच्चारलं की उरलेल्या खऱ्या साक्षीवरही संशयाची सावली पडते.

आता पाठ करण्याबद्दल. अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे.

पोलिसांनी घेतलेला जबाब तिच्या तोंडच्या भाषेत नसतो. “समक्ष विचारल्यावरून जबाब देते की” अशी त्याची सुरुवात होते आणि पुढचे शब्द लिहून घेणाऱ्या हवालदाराचे असतात: “सदर इसमाने”, “शिवीगाळ व दमदाटी करून”. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खालच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कलम 181 प्रमाणे तो मुळात पुरावा नाही, साक्षीतली विसंगती दाखवण्यापुरताच वापरता येतो. (1 जुलै 2024 पूर्वीपासून चालू असलेल्या खटल्यांत जुन्या कायद्याची 161 आणि 162 ही कलमं ऐकू येतील. आकडे बदललेत, गाभा तोच आहे.) तीच फिर्यादी असेल तर गोष्ट थोडी वेगळी. फिर्यादीवर तिची सही असते, ती तिला दाखवतात, “सही माझी, मजकूर बरोबर” असं वदवून घेतात आणि त्या कागदाला निशाणी क्रमांक, म्हणजे खटल्यातल्या पुराव्याचा नंबर, पडतो.

घरी बोलणारी बाई पिंजऱ्यात “सदर इसमाने” म्हणाली की आरोपीच्या वकिलाचं निम्मं काम तिथेच झालं. तो लगेच विचारतो: आज साक्षीआधी जबाब कोणी वाचून दाखवला? कुठे? किती वेळा? सोबत कोण होतं? हे प्रश्न तिने पाठ केलेले नसतात. ती अडखळते, सरकारी वकिलाकडे बघते, आणि ‘शिकवलेला साक्षीदार’ हा युक्तिवाद उभा राहतो. वाचून दाखवला असेल तर “हो, दाखवला” असं सरळ सांगावं. तेवढ्याने साक्ष पडतेच असं नाही. “नाही” असं खोटं सांगितलं आणि पुढे ते उघड झालं, की मात्र खरंच नुकसान होतं.

जबाबात काही राहून गेलं असेल तर? हे नेहमी होतं. समजा, आरोपीच्या हातात कोयता होता हे तिने सांगितलं होतं, पण लिहिलं गेलं नाही. प्रश्न येईल, “हे पोलिसांना सांगितलं होतं का?” सांगितलं असेल तर उत्तर: “सांगितलं होतं. त्यांनी का लिहिलं नाही, याचं कारण मी सांगू शकत नाही.” एवढंच. जबाबाची ती पानं तिने लिहिलेली नाहीत, त्यांचं समर्थन करणं तिचं काम नाही. तो मुद्दा पुढे तपासी अधिकाऱ्याला विचारला जातो. आणि सांगितलंच नसेल तर “तेव्हा सांगायचं राहिलं” असं म्हणावं. नवऱ्याचं प्रेत दारात असताना दिलेल्या जबाबात काय काय राहू शकतं, हे न्यायाधीशांना कळतं. महत्त्वाची बाब वगळली गेली तर ती विसंगती धरतात, हे खरं आहे. पण शर्टाचा रंग किंवा दहा मिनिटांचा फरक ही महत्त्वाची बाब नव्हे.

वेळ आणि अंतर यांचा आकडा ठोकून देऊ नये. “आठ वाजून दहा मिनिटं” म्हणण्यापेक्षा “कुकर लावला होता, मुलगा क्लासहून आला नव्हता” हे खरं असेल तर तेच सांगावं. ते उलटतपासातही टिकतं, कारण ते तिने जगलेलं असतं. अंतर विचारलं तर कोर्टातल्याच वस्तू दाखवाव्यात: “मी इथे होते, ते त्या दरवाज्यापाशी.” न्यायाधीश अंदाजे फूट लिहून घेतात.

दुहेरी नकाराचे प्रश्नही येतात. “तिथे उजेड नव्हता हे म्हणणं खोटं आहे, असं तुमचं म्हणणं नाही ना?” याला हो म्हटलं तरी गोंधळ, नाही म्हटलं तरी गोंधळ. अशा वेळी पूर्ण वाक्य बोलावं: “ओट्यावर बल्ब चालू होता.” प्रश्न समजला नाही तर “समजला नाही” म्हणावं, माहीत नसेल तर “माहीत नाही”.

राहिली सात वर्षं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये ती शिक्षा आहे, पण जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्याला. विसरणं, चुकणं, गोंधळणं हा गुन्हा नाही. कारवाईसाठीसुद्धा न्यायहितासाठी ती आवश्यक आहे असं कोर्टाचं मत व्हावं लागतं.

“नवरा बोलला ते सांगता येत नाही” या दाव्याला एक निकाल पुरेसा आहे. पकाला नारायण स्वामी, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं अपिलाचं शेवटचं कोर्ट), 1939. पिठापूरच्या एका माणसाचं आरोपीच्या बायकोकडे कर्जाऊ दिलेल्या पैशाचं येणं होतं. मार्च 1937 मध्ये त्याला एक पत्र आलं. ते स्वतःच्या बायकोला दाखवून तो म्हणाला की, पैसे घ्यायला बेरहमपूरला बोलावलंय, जातो. दुसऱ्या दिवशी तो गेला. 23 मार्चला पुरी स्टेशनवर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या देहाचे तुकडे सापडले. तो कुठे आणि कशासाठी निघाला होता, हे त्याच्या विधवेने कोर्टात सांगितलं. हे ऐकीव आहे, शिवाय बोलताना त्याला मरणाची कल्पनाही नव्हती, असा आक्षेप आला. न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी तो फेटाळला: ज्या घटनाक्रमातून मृत्यू आला त्यातल्या परिस्थितीविषयीचं मृताचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, मग ते मरणाची चाहूल लागण्याआधीचं असलं तरी. आरोपीचं अपील फेटाळलं गेलं. तेच तत्त्व आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 26 मध्ये आहे. म्हणजे “अमक्याने शेतावर बोलावलंय, हिशोब मिटवायचाय” हे नवऱ्याचं शेवटचं वाक्य बायको सांगू शकते, आणि बऱ्याच खटल्यांत ते सांगणारी तीच एकटी असते.

पती-पत्नीतल्या बोलण्याचं वेगळं कलम आहे, 128, हे खरं. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धवट वाचलेलं तेच असावं. पण बोलणाऱ्याची, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या हिताच्या प्रतिनिधीची, संमती असली की तो अडसर राहत नाही. प्रत्यक्षात त्याचा प्रश्न जास्त येतो तो आरोपीची स्वतःची बायको साक्षीला आली तर. “गावात सगळे म्हणतात” हे मात्र चालत नाही, तिथे सरकारी वकीलही तिला थांबवतील.

रडण्याने केस पडत नाही. पाणी मागता येतं, खुर्ची मागता येते, पाच मिनिटं थांबता येतं. साक्षीदाराचं वागणं न्यायाधीश नोंदवू शकतात, पण अश्रूंना ना गुण मिळतात, ना ते कापले जातात. खरी अडचण वेगळीच असते आणि तिच्याबद्दल तिला कोणी आधी सांगत नाही: मुद्देमाल. लाखेची सीलं फोडून पाकिटातून नवऱ्याचा शर्ट बाहेर काढतात. रक्त वाळून कापड पापडासारखं कडक झालेलं असतं, रंग तपकिरी पडलेला असतो. “हा ओळखता का?” या प्रश्नाला कितीतरी जणी नजर फिरवतात आणि सुटका व्हावी म्हणून “नाही” म्हणतात. ओळख तिथेच गेली. त्यामुळे त्या दिवशी मुद्देमाल दाखवणार आहेत का, हे सरकारी वकिलांना आधीच विचारून ठेवावं. ओळख खुणेने सांगावी: खिशाला मारलेला रफू, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं बटण. आणि एक बारकावा: रासायनिक तपासणीसाठी प्रयोगशाळेत कापडाचे तुकडे कापून घेतात, त्यामुळे शर्टाला चौकोनी भोक दिसू शकतं. ते वाराचं समजून बोलू नये. भोकाबद्दल विचारलं तर “मला माहीत नाही” हेच खरं उत्तर.

आरोपीच्या वकिलाला कोणी अडवत नाही, हेही चूक. निव्वळ अपमानासाठी विचारलेले किंवा अश्लील प्रश्न साक्ष अधिनियमाच्या कलम 154 आणि 155 खाली न्यायाधीश रोखतात. सरकारी वकिलाला आक्षेप घ्यायला क्षणभर वेळ मिळावा म्हणून उत्तराआधी एक श्वास घ्यावा. चारित्र्यावरचे, विम्याच्या पैशावरचे प्रश्न मात्र येऊ शकतात, त्याची तयारी ठेवावी.

मिटवून घ्या म्हणणाऱ्यांसाठी: खून हा तडजोडीचा गुन्हा नाही. पैसे घेऊन फितूर झाली, तर ज्या खोट्या साक्षीची भीती मेसेज घालतो ती त्याचाच सल्ला ऐकून तिच्या अंगावर येईल. समन्स मिळूनही गेली नाही तर वॉरंट निघतं. धमक्या येत असतील तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, निर्णय घेणाऱ्या समितीचे प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो. जाण्यायेण्याचा भत्ताही मागता येतो.

साक्ष संपली की टाइप झालेली पानं तिच्यासमोर येतील. दमलेली असेल, सही करून निघावंसं वाटेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 313 प्रमाणे ती साक्ष तिला वाचून दाखवायची असते. “नव्हता”च्या जागी “होता” पडलं असेल तर तिथेच न्यायाधीशांना सांगून दुरुस्त करून घ्यावं आणि मगच सही करावी.