एडिथ विल्सन राष्ट्राध्यक्ष नव्हत्या

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अमेरिकेला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष १९१९ मध्येच मिळाली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन अंथरुणाला खिळले आणि त्यांची दुसरी बायको एडिथ हिने दीड वर्ष देश चालवला, कुणाला पत्ताही लागला नाही. शेवटी फोडणी: पहिली बायको जाऊन वर्ष होतंय तोच हिने विल्सनना गळाला लावून लग्न उरकलं.

आधी लग्नाचंच बघू. पहिल्या पत्नी एलन ६ ऑगस्ट १९१४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने गेल्या. एडिथबाईंशी लग्न झालं १८ डिसेंबर १९१५ ला, म्हणजे सोळा महिन्यांनी. आणि गळ कुणी टाकला म्हणाल, तर विल्सन यांनीच. मार्च १९१५ मध्ये ओळख, मे महिन्यात मागणी! बाईंनी तेव्हा होकार दिला नाही. त्या स्वतः विधवा होत्या, पहिल्या नवऱ्याचं वॉशिंग्टनमधलं जवाहिऱ्याचं दुकान त्यांच्याकडे होतं. खाऊनपिऊन सुखी होत्या. पुढच्या वर्षी निवडणूक, लोक काय म्हणतील, ही धास्ती विल्सन यांच्या सल्लागारांना होती. विल्सन मात्र पत्रांवर पत्रं लिहीत सुटले होते. कुणाला इथे सावत्र आईच्या जाचाची गोष्ट जोडायची असेल, तर तीही जमत नाही. तिन्ही मुली मोठ्या होत्या, दोघींची लग्नं झालेली होती.

‘कुणाला पत्ता लागला नाही’ हे तर साफ खोटं. २ ऑक्टोबर १९१९ ला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. विल्सन यांचे डॉक्टर ग्रेसन अतिश्रमाचं नाव पुढे करत राहिले हे खरं. पण फेब्रुवारी १९२० मध्ये उपचार करणाऱ्यांपैकीच एका डॉक्टरांनी वर्तमानपत्राला खरं ते सांगून टाकलं. विरोधक तर त्याआधीपासूनच ‘बायकी राज्य’ म्हणून टोमणे मारत होते.

आता मुख्य दावा. बाईंच्या हातात काय होतं? दार. कोणता कागद आत जाईल, कोण भेटेल, केव्हा, हे त्या ठरवत. मंत्र्यांच्या पत्रांना उत्तर यायचं ते त्यांच्या मोठ्या, पसरट अक्षरात, ‘राष्ट्राध्यक्ष म्हणतात’ अशा सुरुवातीने. डिसेंबरात दोन सिनेटर खात्री करून घ्यायला आले, तेव्हा विल्सन यांचा लुळा डावा हात पांघरुणाखाली होता आणि उजवा मोकळा. ही सत्ता लहान नाही, आणि मला ती निर्दोषही वाटत नाही. पण देश चालवणं वेगळं. मद्यबंदीच्या कायद्यावरचा नकाराधिकाराचा मसुदा मुख्यतः सचिव टमल्टी यांचा. ॲटर्नी जनरल पामर डाव्यांवर धाडी घालत सुटले, तेही आपल्याच जोरावर. बरीच पदं तर रिकामीच राहिली. कारभार चालवणारं कुणी असतं तर असा खोळंबा झाला असता का?

सगळ्यात मोठा पुरावा पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचा. सिनेटमधल्या विरोधकांच्या अटी मान्य करून तह पदरात पाडून घ्या, असं एडिथबाईंनी नवऱ्याला विनवलं होतं. हे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहिलंय. विल्सन म्हणाले, नाही. संपलं. १९ नोव्हेंबरला तह फेटाळला गेला, मार्चमध्ये पुन्हा. त्या आठवणी स्वतःची बाजू मांडायलाच लिहिल्या आहेत, पण इथे घटनाही त्यांच्याच बाजूने बोलतात: अटी मान्य करू नका, असाच निरोप आजारी माणसाच्या खोलीतून पक्षाच्या सिनेटरांना गेला होता.

जाता जाता, मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर उभ्या राहणाऱ्या बायकांचा एडिथबाईंना तिटकारा होता. महिला दिनाच्या मजकुरात हे कुणी घालत नाही.

खरं तर त्या खुर्चीवर हक्क सांगायला उपराष्ट्राध्यक्ष थॉमस मार्शल होते. त्यांनी पुढे व्हायचं टाळलं. राष्ट्राध्यक्ष असमर्थ आहे हे कुणी आणि कसं ठरवायचं, याची स्पष्ट तरतूदच राज्यघटनेत नव्हती. ती २५व्या दुरुस्तीने झाली, १९६७ मध्ये.