चांदण्या काढा, दोन ओळी वाढवा

वर्तमानपत्रातला चित्रपट समीक्षक यूट्यूबने संपवला, असं हल्ली जो तो म्हणतो. मला नाही पटत. त्याला वर्तमानपत्रांनीच संपवलं, आणि तेही यूट्यूबचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं तेव्हापासून. हे मी लांबून बोलत नाहीये. पुण्यात पुरवणीच्या डेस्कवर बरीच वर्षं पानं लावली, लोकांची परीक्षणं कापली, अधूनमधून स्वतःही लिहिली.

कापायची पद्धत आधी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. बातमीत महत्त्वाचं ते सगळं वर असतं. म्हणून जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हे वळण उपसंपादकाच्या हाताला पहिल्या महिन्यातच लागतं. आता पान लागलंय, छपाईला सोडायची वेळ झालीय आणि जाहिरात विभागातून फोन येतो, ‘तळाला क्लासवाल्यांची पट्टी घ्यायचीय.’ झालं! परीक्षण खालून सात-आठ सेंटिमीटर उडालं. पण परीक्षण लिहिणारा आधी कथानक सांगतो, मग अभिनय, मग संगीत, आणि त्याचं खरं म्हणणं शेवटच्या परिच्छेदात येतं. नेमकं तेच पट्टीखाली गडप. सकाळी वाचकाच्या हातात उरतं काय, तर अर्धी गोष्ट, ‘नायिका प्रसन्न दिसते’ आणि वर गुणांच्या साडेतीन चांदण्या. चांदण्यांना कधीच कात्री लागत नाही. त्या मथळ्याला चिकटलेल्या असतात ना!

मुरलेले लोक यातून शिकले. आमच्याकडे लिहिणारे एक गृहस्थ पहिल्याच वाक्यात निकाल देऊन मोकळे व्हायचे आणि डेस्कवर कागद ठेवताना म्हणायचे, ‘आता काय कापायचं ते कापा.’ वाचकांना वाटायचं, वा, काय रोखठोक शैली! सगळं श्रेय तळाच्या पट्टीचं.

बरं, ही नोकरी म्हणावी तर नोकरीही नव्हती. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात शिकवणारा, कोणी दिवसभर महापालिका बघणारा बातमीदार. प्रेस शो मुंबईला व्हायचे. पुण्यातला समीक्षक शुक्रवारी बाराच्या खेळाला अलकाला नाहीतर प्रभातला (त्या थिएटरला आता किबे लक्ष्मी म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही) स्वतः तिकीट काढून जायचा आणि ते तिकीट व्हाउचरला टाचायचा. मानधनाबद्दल न बोललेलं बरं. निवडणूक आली की हाच माणूस मतमोजणीच्या कामाला जुंपायचा, आणि त्या आठवड्याचा सिनेमा एजन्सीच्या कॉपीवर, म्हणजे वृत्तसंस्थेकडून आलेल्या तयार मजकुरावर भागवायचा. वाचकांनी तक्रार केली नाही, म्हणजे समीक्षक नसला तरी चालतं, हे व्यवस्थापनाच्या लक्षात आलं ते असं.

याउलट शिकागोचा रॉजर ईबर्ट १९६७ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’चा समीक्षक झाला आणि २०१३ मध्ये जाईपर्यंत त्याच पेपरात लिहीत राहिला. १९७५ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, चित्रपट समीक्षकाला ते पहिल्यांदाच. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांमुळे २००६ मध्ये वाचा गेली, लेखन नाही गेलं. टीव्हीवर अंगठा वर-खाली करणाऱ्यांतला एक तोच, म्हणजे चांदण्यांच्या भावकीतलाच, हे कबूल. पण अंगठा पटला नाही तर त्यामागचं कारण वाचायला पेपरात अख्खा लेख असायचा.

एकाच जागी एवढी वर्षं एकच माणूस लिहितो तेव्हा वाचकाला त्याची आवड-नावड पाठ होते. मग तो पटला नाही तरी उपयोगाचा असतो. आमची आई रविवारी परीक्षण वाचून म्हणायची, ‘यांना रडका वाटला ना? मग काढा तिकिटं.’ हे एजन्सीच्या कॉपीवरून करून दाखवा बघू!

चुकलेला समीक्षकसुद्धा कामाचा असतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बोस्ली क्रॉथरने ‘पथेर पांचाली’ इतका विस्कळीत आणि संथ ठरवला, की हॉलिवूडच्या संकलकांकडे तो कच्ची जुळणी म्हणूनही जेमतेम चालला असता, असं लिहिलं. तरी तो न्यूयॉर्कमध्ये कित्येक महिने चालला. पुढे १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’वर क्रॉथर पुन्हा पुन्हा तुटून पडला, वाचक उलटले आणि त्याचं समीक्षकपद गेलं. त्याच सिनेमाची तोंड भरून स्तुती करणाऱ्यांत समीक्षक होऊन वर्षही न झालेला ईबर्ट होता. भांडण नाव घेऊन झालं, छापून झालं. चांदण्यांशी कोण भांडणार? साडेतीन का आणि तीन का नाही, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मला तरी कधी आलं नाही.

आणि हे सगळं पुण्यात व्हावं याचा मला जास्त राग आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये जुने सिनेमे जपणारं राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह. अर्काइव्हचे पी. के. नायर अंधारात छोट्या टॉर्चच्या उजेडात रिळागणिक टिपणं काढायचे. सतीश बहादुर यांनी रसास्वादाचे वर्ग घेऊन सिनेमा कसा बघायचा हे शिकवलं, आणि ते शिकायला चित्रपटाशी पोटापाण्याचा काही संबंध नसलेले लोक येऊन बसले. पिफच्या, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभे राहा, पुढचा-मागचा दोघंही तुम्हाला इराणी सिनेमावर ऐकवतील, तुम्ही विचारलं नसलं तरी. असा वाचक दारात उभा असताना आपण त्याला देतो काय? पाव पान नायकाचा फोटो आणि दीडशे शब्द.

यूट्यूबवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यातही पैसे घेऊन बोलणारे आहेत, ते चेहऱ्यावरूनच कळतात. पण एखादी पोरगी वीस मिनिटं एका सिनेमावर नीट बोलते, तेव्हा तिचा शेवटचा मुद्दा शाबूत राहतो. जाहिरात तिथेही येते, फक्त मध्ये येते आणि जाते.

माझ्या मित्रयादीत चार-पाच संपादक आहेत, ते हे वाचतील आणि लाइक न करता पुढे जातील. त्यांच्याकडे मागणं फार नाही. एकच माणूस नेमा, त्याचं नाव ठळक छापा, त्याला निवडणुकीला जुंपू नका. जागा वाढवता येत नसेल तर निदान चांदण्या तरी काढा. तेवढ्यात दोन ओळी जास्त बसतात, मी बसवून पाहिल्यात.